ब्लॉक करा, दवंडी पिटू नका

ऑनलाइन चर्चागटात एखाद्याला ब्लॉक करायचं, तर त्याला कारण सांगावं लागतं का? या प्रश्नापाशी अनेक समंजस माणसं अडखळताना मी पाहिली आहेत. कुणीतरी त्यांच्या प्रत्येक पोस्टखाली येऊन तेच ते उकरत असतं, धागा भरकटवत असतं, मुद्दा संपला की माणसावर घसरत असतं. तरी ही माणसं ब्लॉकच्या बटणाशी येऊन थांबतात. आपण असहिष्णू ठरू का, विरोधी मत झेपत नाही म्हणून पळ काढला असं लोक म्हणतील का, ही धास्ती त्यांना सोडत नाही. याच गटांत दुसऱ्या टोकाला असेही सदस्य असतात, जे एका मतभेदावर शे-दीडशे लोकांसमोर ‘तुम्हाला ब्लॉक करत आहे’ असं जाहीर करतात आणि त्या घोषणेवर पडणारे अंगठे मोजत बसतात.

माझं मत असं, की पहिल्या माणसानं कुणालाही काहीही सांगण्याची गरज नाही, आणि दुसऱ्यानं मात्र सांगायलाच हवं. पहिला स्वतःला वाचवतो आहे. दुसरा शिक्षा देतो आहे. स्वतःला वाचवायला कुणाची परवानगी लागत नाही. शिक्षा देणाऱ्यावर मात्र काही बंधनं येतात: आरोप नेमका काय ते सांगायचं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, शिक्षेची मुदत ठरवायची. दोन्ही कामांना बटण एकच असल्यामुळे आपण त्यांतला फरक विसरलो आहोत. चर्चागटांमध्ये ब्लॉकवरून जी कटुता साचते, तिचा मोठा भाग मला या सरमिसळीतून आलेला दिसतो.

दुर्लक्ष करण्याची यांत्रिक सोय जवळपास चर्चागटांइतकीच जुनी आहे. युजनेट हे चर्चागटांचं जाळं १९८० मध्ये सुरू झालं. पुढे ‘पर्ल’ ही संगणकभाषा बनवणाऱ्या लॅरी वॉलनं १९८४ मध्ये युजनेट वाचण्यासाठी ‘आरएन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यात ‘किल फाइल’ होती. नकोसा विषय किंवा नकोसं नाव त्या फाइलमध्ये घातलं, की तसे संदेश वाचकाच्या पडद्यावर येत नसत. नाव भयंकर असलं तरी सोय अतिशय सौम्य होती. लिहिणाऱ्याचा संदेश जगभर जायचा तसा जातच राहायचा, बाकी सगळे तो वाचायचे, त्याला उत्तरं द्यायचे. एका वाचकानं फक्त आपले डोळे बाजूला वळवलेले असायचे. युजनेटला एक मालक नव्हता, त्यामुळे एखाद्याला हाकलून देणं जवळपास अशक्य होतं. अशा ठिकाणी ‘ज्याला नको त्यानं वाचू नये’ हा तोडगा सगळ्यांत कमी दुखावणारा होता, आणि आजही आहे. एका माणसाच्या न वाचण्यानं दुसऱ्याचं बोलणं थांबत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. पण आपलं बोलणं ऐकायला अमुक एका माणसानं बसलंच पाहिजे, असा हक्क कुणालाच कधी नव्हता.

म्हणून ब्लॉक करणं म्हणजे पळपुटेपणा, हे मला मुळीच मान्य नाही. चर्चागटात आपण आपला वेळ घेऊन येतो, आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायला कुठल्याही पुराव्याची जंत्री लागत नाही. विशेषतः ज्यांच्यावर सतत हल्ले होतात (आणि स्त्रियांना इनबॉक्समध्ये काय काय येतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको) त्यांच्याकडे ‘आधी समजावून पाहिलंत का’, ‘एक संधी द्यायला हवी होती’ असली मागणी करणं हा दुसरा हल्लाच असतो. त्यांनी ब्लॉक करावं, लगेच करावं, आणि त्याबद्दल एका शब्दाचाही खुलासा देऊ नये.

बिघडतं ते घोषणेपाशी. हीही खोड जुनीच. युजनेटवर एखाद्याला किल फाइलमध्ये टाकलं की सगळ्यांसमोर ‘प्लॉन्क’ असा एक शब्द लिहून टाकायची पद्धत पडली होती. समोरचा माणूस त्या फाइलच्या तळाशी आपटल्याचा तो आवाज. आता विचार करा, ज्याचं वाचायचंच नाही असं ठरवलं, त्याला ते कळवण्याची गरज काय? गरज त्याला कळवण्याची नसतेच. गरज असते ती इतरांना दाखवण्याची. त्या क्षणी ब्लॉक ही दोन माणसांमधली गोष्ट राहत नाही, ती प्रेक्षकांसाठी केलेली कृती होते. बघणाऱ्यांना बाजू घ्यावी लागते. कंपू असतील तर ते घट्ट होतात, नसतील तर तयार होतात. आणि ज्याच्याबद्दल ही घोषणा झाली, त्याचं उत्तर घोषणा करणारा वाचणारच नसतो. वाद तसाच राहतो, फक्त शेवटचा शब्द एकाच्या खात्यावर जमा होतो.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिताना या गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं होतं. ज्याच्याबद्दल आपलं मत वाईट आहे त्याची संगत टाळण्याचा आपल्याला हक्क आहे, असं तो म्हणतो आणि कंसात घालतो, की हे टाळणं मिरवण्याचा मात्र हक्क नाही. ब्लॉकबद्दलचा सगळा शिष्टाचार मला त्या कंसात मावलेला दिसतो. लगेच पुढे तो असंही म्हणतो, की एखाद्याच्या वागण्यानं वा बोलण्यानं त्याच्या संगतीतल्या लोकांचं नुकसान होईल असं वाटलं, तर त्यांना सावध करणं हाही आपला हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम सांगते आहे, कारण गप्प राहा म्हणताना नको त्या ठिकाणी गप्प बसवलं जाण्याचा धोका असतो. एखादा सदस्य नव्या मुलींना खासगीत गाठून त्रास देत असेल, कुणी गटाच्या नावावर पैसे गोळा करत असेल, तर ते सांगायलाच हवं. अॅडमिनला सांगावं, ज्यांना धोका आहे त्यांना सांगावं, वेळ आली तर सगळ्यांना सांगावं. पण सावध करणाऱ्याच्या बोलण्यात काय घडलं ते असतं, केव्हा घडलं ते असतं, पुरावा असतो. ‘असल्या लोकांना मी दारातही उभं करत नाही’ या वाक्यात यातलं काहीच नसतं. त्यातून वाचणाऱ्याला फक्त बोलणाऱ्याचा तोरा कळतो.

घोषणेपेक्षाही खोटी एक चाल आहे: लांबलचक, टोचणारं उत्तर लिहायचं आणि त्याच मिनिटाला समोरच्याला ब्लॉक करायचं. ही चाल किती नुकसान करू शकते, हे त्या त्या ठिकाणची यंत्रणा कशी बांधली आहे यावर ठरतं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानं जानेवारी २०२२ मध्ये ब्लॉकचे नियम बदलले. तोवर ब्लॉक म्हणजे मला तू दिसणार नाहीस एवढंच होतं. त्यानंतर ब्लॉक झालेल्याला ब्लॉक करणाऱ्याच्या प्रतिसादाखाली लिहिताही येईनासं झालं. हेतू चांगला होता, छळ होणाऱ्यांना त्यानं दिलासा मिळाला. पण वादात तरबेज असलेल्यांच्या लवकरच लक्षात आलं, की आपल्या चुका दाखवणाऱ्या पाच-सात जणांना ब्लॉक केलं की आपल्या धाग्यावर विरोधच उरत नाही. तिसरा वाचक येतो आणि बघतो: दावा आहे, कुणी खोडलेला नाही, म्हणजे खरा असणार. इथे ब्लॉकमुळे फसवला गेला तो हा तिसरा, ज्याचा भांडणाशी काही संबंधच नव्हता. ज्याला उत्तर द्यायचं आहे, त्याला उत्तराची संधी ठेवावी. ज्याला ब्लॉक करायचं आहे, त्याला उत्तर देऊ नये. दोन्ही एकदम करणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती वाटत नाही, मग त्याचा मूळ मुद्दा कितीही बरोबर असो.

‘मला तू दिसू नकोस’ आणि ‘तुला मी दिसू नये’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि त्यांच्यात गफलत केली की काय होतं ते ट्विटरनं दोनदा दाखवून दिलं. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी ब्लॉक पातळ केला. ब्लॉक झालेला माणूस तुम्हाला फॉलो करू शकणार, तुमचं वाचू शकणार, तुम्हाला उद्देशून लिहू शकणार. फक्त तुम्हाला ते दिसणार नाही. छळ सोसलेल्या लोकांनी इतका जोरदार विरोध केला, की त्याच दिवशी कंपनीनं तो बदल मागे घेतला. पुढे मे २०१४ मध्ये ‘म्यूट’ ही वेगळी सोय आली, आणि ते शहाणपणाचं होतं: ज्याला फक्त कटकट नको आहे त्याच्यासाठी म्यूट, ज्याला माग काढणारा नको आहे त्याच्यासाठी ब्लॉक. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्स झालेल्या त्याच कंपनीनं ब्लॉक पुन्हा सैल केला; आता ब्लॉक झालेल्यांनाही सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. सार्वजनिक लिहिलेलं दुसऱ्या खात्यावरून वाचता येतंच, मग लपवून काय उपयोग, असा त्यावर युक्तिवाद होतो. मला तो पटत नाही. पाठलाग करणाऱ्याला दर वेळी खातं बदलायला लागणं, हा अडथळा लहान असला तरी अडथळा आहे, आणि ज्याचा पाठलाग होतो त्याला तो हवा असतो.

या फरकावरून मी स्वतःपुरता एक क्रम ठरवला आहे, आणि तो इतरांनाही उपयोगी पडेल असं वाटतं. नुसता कंटाळा आला असेल तर उत्तर देऊ नये. कंटाळा रोजचा झाला तर म्यूट करावं. भीती वाटत असेल, पाठलाग होत असेल, घाण येत असेल, तर ब्लॉक. कंटाळ्यासाठी ब्लॉक वापरला, तर गटाच्या सामाईक संभाषणाला भोकं पडतात. फेसबुकवर दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं की सामाईक गटातही सहसा एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. चार लोक एका प्रतिसादावर बोलत असतात आणि तो प्रतिसादच आपल्यासमोर नसतो. आधी विचारून झालेला प्रश्न आपण पुन्हा विचारतो, दिलेलं उत्तर पुन्हा देतो. व्हॉट्सअॅपवर उलटी अडचण आहे. तिथे एखाद्याला ब्लॉक केलं तरी ज्या ग्रुपमध्ये दोघं आहात, तिथले त्याचे मेसेज दिसतच राहतात. म्हणजे तिथे बटण उपयोगाचं नाही, संयम किंवा ग्रुप सोडणं एवढंच हातात उरतं. आणि ग्रुप सोडायचा असेल, तर तोही गाजावाजा न करता सोडावा. २०२२ पासून तशी सोय आहे, सोडल्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते. तरी निघताना निरोपाचं भाषण ठोकून जाणारे आहेतच.

आता दुर्लक्षाकडे वळते. मराठी चर्चागटांना ‘अनुल्लेखानं मारणं’ चांगलं परिचयाचं आहे, आणि ट्रोलला अनुल्लेखानं मारावं हा सल्ला अगदी योग्य आहे. काडी टाकणाऱ्याला भडका हवा असतो. तो न मिळाल्यास बहुतेक जण दुसरीकडे जातात. पण हे हत्यार आपण ज्या सहजपणे उचलतो, त्या मानानं त्याची धार आपल्याला माहीत नसते.

किपलिंग विल्यम्स हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ एकदा एका बागेत कुत्र्याला घेऊन बसले होते. शेजारी दोघं जण फ्रिस्बी खेळत होते. ती घरंगळत यांच्यापाशी आली, यांनी परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ झाला. मग काहीही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. अनोळखी माणसांच्या त्या क्षुल्लक वागण्याचं आपल्याला इतकं का लागलं, या प्रश्नातून त्यांचं पुढचं सगळं संशोधन उभं राहिलं. २००० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६२ देशांतल्या १,४८६ लोकांनी पडद्यावर, न पाहिलेल्या दोन खेळाडूंबरोबर, चकती फेकण्याचा खेळ खेळला. ते खेळाडू म्हणजे खरं तर प्रोग्रॅम होते. ज्यांच्याकडे चकती येणं थांबलं, त्यांना वाईट वाटलं, आपण कुणाचेच नाही असं वाटलं, हातातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. जितकं जास्त वगळलं तितकं जास्त. नंतरच्या प्रयोगांत आणखी चकित करणाऱ्या गोष्टी दिसल्या. समोर माणूस नाही, संगणक आहे हे आधी सांगितलं तरी वगळलं जाणं लागतंच. ज्या गटाचा आपण तिरस्कार करतो, त्या गटानं वगळलं तरीही लागतं.

हे वाचल्यापासून मौन तटस्थ असतं असं मी मानत नाही. काही मिनिटांचा निरर्थक खेळ इतकं करू शकतो, तर ज्या गटात माणूस वर्षानुवर्षं लिहितो आहे, तिथे त्याच्या प्रत्येक शब्दापुढे पसरलेली शांतता काय करत असेल? एका माणसाचं दुर्लक्ष म्हणजे त्याची निवड. सगळ्यांनी मिळून, कधी खासगी ग्रुपमध्ये ठरवून केलेलं दुर्लक्ष म्हणजे वाळीत टाकणं. आणि ते इतक्या शांतपणे होतं, की करणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीच केलं नाही असं वाटतं. ज्याला वाळीत टाकलं, त्याला आपला गुन्हाही कळत नाही. आपलं चुकलं काय, की आज लोक कामात आहेत, की कुणाला दिसतच नाही, या फेऱ्यांत तो फिरत राहतो. मला हे शिवीगाळीपेक्षा क्रूर वाटतं. म्हणून एखाद्याच्या वागण्याबद्दल गटात खरोखर नाराजी असेल, तर सगळ्यांनी गप्प होण्याआधी कुणीतरी एकानं, खासगीत, स्पष्ट आणि सभ्य शब्दांत त्याला एकदा सांगितलं पाहिजे. बरेच लोक सुधारतात. निदान आपण कर्कश होतो आहोत हे त्यांना कळतं. पुष्कळदा त्यांना ते खरंच माहीत नसतं, कारण लेखी शब्दात आवाजाचा चढउतार नसतो आणि समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसत नाही.

नव्या सदस्यांचं तर वेगळंच. ते धीर करून पहिला प्रश्न विचारतात आणि कुणीच काही बोलत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी देईल उत्तर. पण त्या माणसाला गटानं आपल्याला वगळलं असंच वाटतं, आणि तो पुन्हा येत नाही. ‘याबद्दल मला फारसं माहीत नाही, पण अमुक जुना धागा पाहा’ एवढं एक वाक्य पुरतं. ते कुणी लिहायचं हा प्रश्न असेल, तर ज्याचं लक्ष गेलं त्यानं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. प्रत्येक जण नको त्याला काढत गेला, तर शेवटी आपल्याच मताचे लोक उरतील आणि चर्चेला अर्थ राहणार नाही. हा धोका खरा आहे. माझा त्यावरचा इलाज असा, की माणसाला तो काय मानतो यावरून ब्लॉक करू नये, तो कसा वागतो यावरून करावं. सगळ्या मुद्द्यांवर माझ्याविरुद्ध असलेला पण नेमकं वाचून नेमकं उत्तर देणारा माणूस मला हवा आहे. माझ्याच बाजूनं शिव्या देणारा नको आहे. ही कसोटी दर वेळी सरळ लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. एखाद्याचं मतच असं असतं, की तुझ्यासारख्यांना माणूस म्हणून मोजू नये. ते तो अत्यंत सभ्य भाषेत, आकडे देऊन मांडतो. तिथे मत आणि वागणूक वेगळी काढता येत नाही. अशा वेळी ज्याच्याबद्दल ते बोललं जातं आहे, त्यानं शांतपणे बसून वाद घालावा, ही अपेक्षा मी करणार नाही. उत्तर द्यायचंच असेल, तर ज्यांना ते बोलणं झोंबत नाही अशा इतरांनी द्यावं. त्यांच्याकडे ताकद शिल्लक असते.

याच्याच जोडीला उसन्या वैराची गोष्ट येते. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या ठिकाणी कुणीही नकोशा खात्यांची यादी बनवू शकतो आणि बाकीचे ती यादी एका टिचकीत आपलीशी करू शकतात. स्पॅम आणि संघटित छळ यांच्याविरुद्ध याचा उपयोग आहे, आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच. पण अशा यादीतून आपण ज्यांना ब्लॉक करतो, त्यांचं एक वाक्यही आपण वाचलेलं नसतं. यादी करणाऱ्याचा राग आपला होतो, आणि का, ते विचारायला कुणीच उरत नाही. मित्रानं ब्लॉक केलं म्हणून आपणही ब्लॉक करणं ही त्याचीच छोटी आवृत्ती. मैत्रीचा असा पुरावा मागणाऱ्या मित्राला नाही म्हणता आलं पाहिजे.

आतापर्यंत बोलले ते साध्या सदस्यांबद्दल. अॅडमिनच्या हातातलं बटण वेगळं असतं. मी कुणाला ब्लॉक केलं तर त्याला एक वाचक कमी होतो; अॅडमिननं आयडी उडवला, की त्याचा सगळा गट जातो, कधी वर्षांचं लिखाणही जातं. तिथे हक्काची भाषा चालत नाही, कारण अॅडमिन स्वतःचा वेळ वाचवत नसतो, तो सगळ्यांच्या वतीनं निर्णय घेत असतो. विकिपीडियानं या बाबतीत घालून दिलेली पद्धत मला आदर्श वाटते. ब्लॉक हा पुढचं नुकसान टाळण्यासाठी करायचा, झालेल्याची शिक्षा म्हणून नाही. कारण आणि मुदत सार्वजनिक नोंदीत लिहायची. ज्याला ब्लॉक केलं त्याला सहसा आपल्या चर्चापानावर दाद मागता येते. आणि ज्या वादात प्रचालक (म्हणजे तिथला अॅडमिन) स्वतः एक पक्ष आहे, त्यात त्यानं हे हत्यार उचलायचं नाही. लहानशा गटालाही यातलं बहुतेक सगळं करता येईल, विशेषतः शेवटचं. अॅडमिनशी वाद झाला आणि दुसऱ्या दिवशी आयडी गेला, असं जिथे होतं, तिथले बाकीचे सदस्य काय शिकतात? ते अॅडमिनशी वाद घालायचं सोडून देतात.

मुदतीचं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला शहराबाहेर घालवू शकत. त्या पद्धतीत खूप दोष होते; आरोप सांगावा लागत नसे, बचावाचं भाषण नसे. तरीही त्यांनी काही कुंपणं घातली होती. वर्षातून एकदाच, आधी ‘यंदा हे करायचं का’ असं विचारून, आणि ६,००० नागरिकांची मतं पडली तरच. शिक्षा १० वर्षांची. मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत. इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी सैन्य चालून आलं, तेव्हा अथेन्सनं अॅरिस्टायडिससारख्या घालवलेल्या माणसांना मुदतीआधीच परत बोलावलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना परतीची वाट ठेवणं सुचलं होतं. आमच्या गटांमध्ये रागाच्या भरात एका माणसानं एका क्षणात केलेली हकालपट्टी आपोआप जन्मभराची होते, कारण कुणी तारीखच लिहिलेली नसते.

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार चालतो: माणसाला न कळवता त्याचं लिखाण इतरांपासून लपवायचं. त्याला स्वतःला सगळं दिसतं, तो लिहीत राहतो, कुणीच वाचत नाही. ही युक्ती मुळात स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांसाठी होती, आणि यंत्राला फसवण्यात काही गैर नाही. जिवंत माणसाला अशा रिकाम्या खोलीत बोलत ठेवणं हा विश्वासघात आहे. रेडिटनं नोव्हेंबर २०१५ मध्ये खऱ्या सदस्यांसाठी ही पद्धत बाजूला ठेवून उघडपणे कळवलेलं निलंबन आणलं. त्याआधी असे सदस्य आपल्याला उत्तरं का येत नाहीत, याचा विचार करत बसलेले असत.

सत्तेवरच्या माणसांचा प्रश्न तर न्यायालयांपर्यंत गेला. अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी, टीका करणाऱ्यांना ट्विटरवर ब्लॉक केलं, म्हणून सात जणांनी एका संस्थेसह २०१७ मध्ये दावा लावला. मे २०१८ मध्ये न्यायालयानं हे ब्लॉक घटनाविरोधी ठरवलं, पुढच्या वर्षी अपिलातही तेच झालं. अध्यक्षपद गेल्यावर, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण निरर्थक झालं म्हणून तो निकाल रद्द केला. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात कसोटी सांगितली: अधिकाऱ्याला सरकारच्या वतीनं बोलण्याचा खरोखर अधिकार असेल आणि त्या पोस्टमध्ये तो तो अधिकार वापरत असेल, तर त्याचं खातं खासगी समजता येणार नाही. मला यात २०१८ च्या निकालातला एक बारकावा मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी म्यूटचा पर्याय सुचवला होता. अधिकारी म्हणून तुम्हाला प्रत्येक शिवी वाचण्याची सक्ती नाही, पण नागरिकाला तुमचं बोलणं वाचण्यापासून आणि त्यावर सर्वांसमोर बोलण्यापासून तोडता येणार नाही. ज्याच्या हाती जितकी सत्ता, त्यानं तितकं म्यूटवर भागवावं. गटाच्या अॅडमिननंही वैयक्तिक कटकटीसाठी तेच करावं.

ब्लॉक झालेल्या माणसाचाही एक शिष्टाचार असतो, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. आपल्याला ब्लॉक केलं आहे हे कळलं, की ते तिथेच सोडावं. डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं, काढून मागच्या दारानं येऊ नये. सामाईक मित्राला निरोप्या करू नये. त्या बिचाऱ्याची दोन्हीकडून कुचंबणा होते. ‘मला ब्लॉक केलं, म्हणजे यांच्याकडे उत्तर नव्हतं’ असा स्क्रीनशॉट पदकासारखा लावून फिरू नये. समोरच्यानं आपल्याला का टाळलं हे आपल्याला माहीत नसतं, आणि ते माहीत करून घेण्याचा हक्कही नसतो. राग येणार, अपमान वाटणार, ते स्वाभाविक आहे. पण दार लावून घेण्याचा त्याचा हक्क आपण मानत असू, तर ते आपल्या तोंडावर लागलं तेव्हाही मानायला हवा.

ब्लॉक करणाऱ्यावर त्या बदल्यात एक जबाबदारी येते. ज्याला उत्तराची वाट बंद केली, त्याच्याबद्दल त्याच गटात बोलू नये. त्याचे जुने प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून नाचवू नयेत, नाव न घेता ‘काही लोक’ म्हणून टोमणे मारू नयेत. दोघंही एकमेकांच्या आयुष्यातून खरोखर बाहेर गेले, तरच ब्लॉकनं आपलं काम केलं. एकानं खिडकीतून दगड मारायचे चालू ठेवले, तर ते संरक्षण उरत नाही.

आणि काही महिन्यांनी यादी उघडून पाहावी. मी तसं करते तेव्हा काही नावांसमोर भांडण कशावरून होतं तेच आठवत नाही. अशी नावं गुपचूप मोकळी करावीत, त्याचीही घोषणा नको. काही नावं मात्र बघूनच पोटात गोळा येतो. ती तशीच राहू द्यावीत, कायमची, मनात कुठलीही बोच न ठेवता.

या कामात यंत्रणा बनवणाऱ्यांनी मदत केली पाहिजे. फेसबुकनं डिसेंबर २०१७ पासून एखाद्याच्या पोस्ट ३० दिवस बाजूला ठेवण्याची सोय दिली आहे. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच जाळ्यावर म्यूट करताना मुदत निवडता येते. मग ब्लॉक करताना का येऊ नये? आठवडा, महिना, वर्ष, कायमचं, असे चार पर्याय समोर आले, तर मतभेदावर चिडलेला माणूस आठवडा निवडेल आणि छळ सोसलेला माणूस कायमचं निवडेल. अॅडमिनसमोर तर ‘सदस्याला काढा’ हे बटण दाबण्याआधी दोन रिकाम्या चौकटी यायला हव्यात, एक कारणाची आणि एक मुदतीची, आणि त्या भरल्याशिवाय बटण चालू नये. भरलेलं कारण त्या सदस्याला दिसावं, आणि त्यावर एकदा उत्तर देण्याची जागा त्याच्यासाठी उघडी राहावी.